किरकोळ

हिशेब लिहिण्याची सवय मला माझ्या वडिलांकडून लागली. ते एका कापडाच्या दुकानात दिवाणजी होते. रात्री जेवण झाले, की ते पाटावर बसत, लांबट लाल वही मांडीवर घेत आणि दिवसभराची पै न् पै आठवून लिहीत. चार आण्यांचा मेळ बसला नाही, तर त्यांना झोप येत नसे. आणि त्यांना झोप आली नाही, की घरात कुणालाच येत नसे. पुढे मीही दादरच्या एका पतपेढीत हिशेबनीस म्हणून चिकटलो आणि चौतीस वर्षांनी, २०२२ च्या मे महिन्यात, शाल आणि नारळ घेऊन घरी बसलो. पतपेढीत संगणक येऊन पुष्कळ वर्षे झाली होती. पण डोंबिवलीच्या आमच्या दोन खोल्यांत अजून वहीच चालते. लक्ष्मीपूजनाला नवी वही, पहिल्या पानावर कुंकवाने 'श्री', आणि पाडव्यापासून नवे वर्ष.

घरच्या वहीत मी निरनिराळी खाती पाडली आहेत. वाणी, दूध, वीज, औषधपाणी, जाणे-येणे, देवधर्म. आणि सर्वांत शेवटी 'किरकोळ'. ज्या खर्चाला नाव देता येत नाही, किंवा द्यायचे नसते, तो किरकोळात जातो. किरकोळ म्हणजे हिशेबातला माळा. मोडकी खुर्ची, कान तुटलेली कढई, काहीही वर टाकावे. नजरेआड झाले म्हणजे झाले. वडिलांचा या खात्यावर फार राग होता. ते म्हणत, "किरकोळ वाढलं, की समजावं, घरात कोणीतरी काहीतरी लपवतंय."

२०२२ च्या पाडव्यापासून २०२३ च्या लक्ष्मीपूजनापर्यंतची माझी वही काढून पाहिली, तर किरकोळ खर्च आदल्या वर्षाच्या चौपट दिसतो. लपवणारा मीच होतो. त्याचीच ही हकीकत आहे.

निवृत्तीनंतरचे पहिले तीन-चार महिने मजेत गेले. सात बेचाळीसची लोकल चुकण्याची धास्ती नाही, वर्षअखेरीची तपासणी नाही. गणपती झाले आणि एकाएकी माझी झोप उडाली. पहाटे तीनला जाग यायची ती यायचीच. मग उजाडेपर्यंत छताच्या पोपड्यांकडे बघत पडून राहायचे. हळूहळू वर्तमानपत्र नकोसे झाले, मग जेवण, मग माणसे. एके दिवशी भाजी आणायला गेलो असता कोथिंबिरीची जुडी घ्यावी की घेऊ नये, हे मला ठरवता येईना. भाजीवाली दोनदा विचारून दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली. मी तसाच उभा. आणि ठरवता येत नाही, म्हणून माझ्या डोळ्यांना धार लागली. अठ्ठावन्न वर्षांचा गृहस्थ भर बाजारात कोथिंबिरीपायी रडतो आहे! घरी आल्यावर सौभाग्यवतीला सांगितले, "डोळ्यांत कचरा गेला."

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या करून घेतल्या. साखर, थायरॉइड, हृदयाचा आलेख. सगळे उत्तम. "तुम्हाला काही झालेलं नाही, मन रमवा," ते म्हणाले. गटांगळ्या खाणाऱ्याला काठावरून 'जरा पोहा' असे ओरडून सांगावे, तसा हा सल्ला होता. तरी त्या खर्चाला वहीत मानाची जागा मिळाली: औषधपाणी. रक्त तपासून घेण्यात लाज कसली? खरा प्रश्न पुढेच होता.

आमच्याकडे 'ठाण्याला पाठवणे' या शब्दांना एक निराळा अर्थ आहे. १९०१ साली सुरू झालेले मनोरुग्णालय तिथे आहे. पुण्याच्या बाजूला त्याच अर्थाने येरवड्याचे नाव घेतात. पतपेढीत आमच्या खात्यात एक कारकून होता. अंगाने किरकोळ, अक्षर मोत्यासारखे. एका वर्षी तो अबोल झाला, बेरजा चुकू लागल्या, मग तीन महिने बिनपगारी रजेवर गेला. त्याची रिकामी खुर्ची बघून मी म्हणालो होतो, "त्याला एकदा ठाण्याला पाठवा, म्हणजे मेळ बसेल." सगळे हसले होते. मी जरा जास्तच हसलो होतो. आता पहाटे तीनला ते हसणे मला ऐकू येई.

अखेर, घरी कळू न देता, मी एका खासगी समुपदेशकाकडे गेलो. सुरेख खोली, मंद दिवा, बसायला मऊ खुर्ची. पंचेचाळीस मिनिटांचे पंधराशे रुपये. माणूस चांगला होता, मन लावून ऐकत होता. त्याचे शिक्षण, जागेचे भाडे, हे धरले तर दर चुकीचा होता असेही मी म्हणणार नाही. पण हिशेबनिसाचे मन मोठे वाईट. समोर घड्याळ होते, आणि मिनिटाला तेहेतीस रुपये तेहेतीस पैसे हे गणित माझ्या डोक्यातून जाईना. आई गेली तेव्हा मी वर्षअखेरीच्या कामात होतो, वेळेवर पोहोचलो नाही, हे सांगायला मला नऊ मिनिटे लागली. म्हणजे तीनशे रुपये. मी घाईघाईने आईला आटोपती घेतली आणि गप्प बसलो.

"निदान आठ-दहा वेळा यावं लागेल," ते म्हणाले. दहा वेळा म्हणजे पंधरा हजार. भविष्यनिर्वाह निधीचे मला मिळणारे निवृत्तिवेतन महिन्याला दोन हजारांच्या आसपास. बाकी घर चालते ठेवींच्या व्याजावर. मी 'कळवतो' म्हणून जो निघालो, तो परत गेलो नाही. त्या रात्री वहीत पंधराशे रुपये एका रकमेने लिहिण्याचा मला धीर होईना. ते मी फोडले. छत्री दुरुस्ती, चपलेचा अंगठा, कुणाच्या तरी आहेराचे पाकीट. चौतीस वर्षे लोकांच्या पैशांचा हिशेब ठेवला, पण खोटी नोंद केली नव्हती. ती पहिली माझ्याच घरात केली.

यानंतर मी स्वस्त वाटांचा शोध घेऊ लागलो. आणि स्वस्त वाटा किती महाग असतात, ते मला कळले. मनःशांतीचे तीन दिवसांचे एक शिबिर केले. तिथे दुःख कागदावर लिहून जाळायला लावले आणि शेवटच्या दिवशी पुढच्या शिबिराचे दुप्पट फीचे पत्रक हातात दिले. एका गृहस्थांनी फोनवरून समुपदेशन करतो म्हणून पैसे घेतले आणि दुसऱ्याच भेटीत माझ्या पत्रिकेतल्या शनीवर घसरले. वहीत तोवर तीनदा छत्री दुरुस्त झाली होती.

जी गोष्ट मी प्रथम विचारायला हवी होती, ती मला फार उशिरा कळली. मनोविकारतज्ज्ञ हा वैद्यकीय पदवी घेऊन पुढे त्या विषयात शिकलेला डॉक्टर. औषध लिहून देण्याचे काम त्याचे. मानसोपचार करणारा चिकित्सा मानसशास्त्रज्ञ औषध देत नाही, बोलण्यातून आणि सवयींतून उपचार करतो. त्याची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असावी लागते. 'समुपदेशक' ही पाटी मात्र नीट शिकलेलाही लावतो आणि तीन आठवड्यांचा वर्ग केलेलाही लावतो. तेव्हा आपण काय शिकलात आणि आपली नोंदणी कुठे आहे, असे सरळ विचारावे. सोनाराला हॉलमार्क विचारताना आपण लाजत नाही. मन तर सोन्याहून हळवे.

मग एका सार्वजनिक रुग्णालयात गेलो. सकाळी आठला रांगेत उभा राहिलो, साडेबाराला नंबर लागला आणि दोन मिनिटांत बाहेर आलो. हातात पंधरा दिवसांच्या गोळ्या. डॉक्टरांना दोष देत नाही; माझ्या मागे व्हरांड्याच्या टोकापर्यंत माणसे होती. मी नऊ दिवस गोळ्या घेतल्या. तोंडाला कोरड पडली, मनात काडीचा फरक नाही. दहाव्या दिवशी गोळ्या बंद केल्या. असल्या औषधांचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात आणि ती आपल्या मनाने थांबवायची नसतात, हे मला कुणी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. इथेही काही नाही, असे ठरवून मी ते दार लावून घेतले.

एकटा मीच असा नव्हे. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ साली देशातल्या बारा राज्यांत मोठी पाहणी केली. प्रौढांपैकी शंभरांत दहाहून अधिक जणांना त्या वेळी कसला ना कसला मनोविकार होता. आणि बहुतेक विकारांत शंभरांतले सत्तर किंवा त्याहून जास्त रोगी उपचारावाचून राहत होते. रांग एवढी लांब, आणि रांगेबाहेर थांबलेले त्याहून कितीतरी अधिक.

२०२३ चा ऑक्टोबर उजाडला. एका संध्याकाळी डोंबिवलीच्या फलाटावर उभा असताना, जलद गाडी धडधडत येत असता, माझ्या मनात जो विचार येऊन गेला तो मी इथे विस्ताराने लिहीत नाही. गाडी गेली. मी बाकावर बसलो. पाय थरथरत होते. घरी येऊन वही उघडली, तर त्या दिवसाच्या पानात वर्तमानपत्राचे एक कात्रण होते. त्यावर एक आकडा: १४४१६. सरकारची 'टेलिमानस' ही सेवा २०२२ च्या १० ऑक्टोबरला सुरू झाली, दिवसरात्र चालते, पैसे पडत नाहीत, मराठीतही बोलता येते, असा मजकूर होता. आपणच कधीतरी कापून ठेवले असेल, असे मला वाटले. त्या दिवसांत माझे मला काही आठवत नसे.

रात्री अडीच वाजता स्वयंपाकघरात जाऊन मी तो आकडा फिरवला. बाहेर आवाज जाऊ नये म्हणून नळ बारीक सोडून ठेवला होता. पलीकडे एक तरुण आवाज होता. नाव विचारले, वय विचारले, झोपेचे, जेवणाचे विचारले. मग तो अगदी सरळ म्हणाला, "काका, एक विचारतो. जीव द्यावा असं मनात येतं का?"

हा प्रश्न इतक्या साध्या शब्दांत मला कुणी केला नव्हता. मी म्हणालो, "हो. आज आलं होतं." आणि मग थोडा वेळ फक्त नळाचे पाणी ऐकू येत होते. तो दचकला नाही. त्याने मला उपदेश केला नाही. घरात कोण आहे, आता या क्षणी तसे वाटते आहे का, एवढे त्याने शांतपणे विचारून घेतले. म्हणाला, "उद्या घरातल्या एका माणसाला सांगा. एकालाच. आणि पुन्हा तसं वाटलं, तर लगेच फोन करा, वेळ बघू नका. तुम्हाला जवळ पडेल ते ठिकाण ठाण्याचं आहे."

ठाण्याचे! मी मनात म्हटले, घ्या. आपलाच शब्द आपल्याकडे व्याजासह परत आला. फोन ठेवला तेव्हा सवयीने घड्याळाकडे पाहिले. बावीस मिनिटे झाली होती. बावीस मिनिटांचे शून्य रुपये. असली नोंद मी जन्मात केली नव्हती.

घरातल्या एका माणसाला सांगणे काही मला जमले नाही. "पेन्शनच्या कामाला जाऊन येतो," असे सांगून मी ठाण्याची गाडी पकडली. मनोरुग्णालयाच्या फाटकाशी येऊन दोनदा पुढे चालत गेलो आणि दोनदा परत फिरलो. कुणी ओळखीचे पाहील, ही भीती. शेवटी मान खाली घालून आत शिरलो. बाह्यरुग्ण विभागात जे मी कल्पिले होते, त्यातले काहीच नव्हते. एक कॉलेजातली मुलगी मांडीवर पुस्तक ठेवून परीक्षेचा अभ्यास करीत होती. एक रिक्षावाला खाकी सदऱ्यातच आला होता. एक आजी नातवाला डब्यातली पोळी भरवीत होत्या. आमच्या पतपेढीतल्या पहिल्या तारखेच्या गर्दीपेक्षा ही गर्दी काही वेगळी नव्हती. कुठली खिडकी, कुठला कागद, काही कळेना म्हणून मी गोंधळून उभा होतो. तेवढ्यात मागून आवाज आला, "साहेब, केसपेपर पलीकडच्या खिडकीवर."

वळून पाहिले. तो आमचा कारकून होता. मोत्यासारख्या अक्षराचा.

दोघेही क्षणभर काही बोललो नाही. मग आम्ही एकदमच म्हणालो, "कोणाला सांगणार नाही." आणि मग दोघेही हसलो. यावेळचे हसणे निराळे होते. त्याने माझा कागद भरून दिला. अक्षर तसेच होते. अकरा वर्षे तो येत होता. अर्धी रजा टाकून यायचे, औषध न्यायचे, दुपारी कामावर हजर. आमच्यापैकी कुणाला पत्ता नव्हता. केसपेपरचा खर्च एका वडापावाहून कमी होता. रांगेत बसल्या बसल्या त्याने मला सगळे समजावले. "डॉक्टरांना काय सांगायचं ते चिठ्ठीवर लिहून न्या साहेब, आत गेलं की विसरायला होतं. गोळ्या मधेच सोडू नका. तोंडाला कोरड पडली, तर तसं त्यांना सांगा, बदलून देतात. आणि बोलायचं असलं, तर मॅडमना भेटायचं आहे म्हणून मागून घ्या. मागावं लागतं." पंधराशे रुपयांत जे मिळाले नव्हते, ते मला ज्याची मी टिंगल केली त्या माणसाने बाकावर बसून फुकट दिले. मी त्याला म्हणालो, "मी त्या वेळी तुमच्याबद्दल एक वाईट बोललो होतो." तो म्हणाला, "ऐकलं होतं मी. जाऊ द्या. चहा घेऊ."

त्या दिवशी मानसशास्त्रज्ञ मॅडमही भेटल्या. माझ्या मुलीच्या वयाच्या असतील. माझा धंदा ऐकून त्यांनी सांगितले, "मग काका, तुम्हाला काम सोपं आहे. रोजकीर्द लिहा. तासातासाला काय केलं आणि त्या वेळी मन कसं होतं, दहापैकी किती." मी निमूटपणे लिहू लागलो. पुढच्या भेटीत दोघांनी मिळून खतावणी काढली. अंथरुणात पडून काढलेल्या तासांपुढे एक आणि दोन. तुळशीला पाणी घातले तिथे तीन. मुलीशी फोनवर बोललो तिथे चार. फडके रोडवरून गणेशमंदिरापर्यंत चालत गेलो तिथे पाच. "मन बरं झालं की कामाला लागू, असं तुम्ही म्हणता," त्या म्हणाल्या. "आपण उलटं करून बघू. आधी छोटं काम. मन मागून येईल." आणि आईची गोष्ट मी पुन्हा सांगितली, तेव्हा तिला किती मिनिटे लागली, ते मी पाहिले नाही.

त्या पहिल्या दिवशी घरी आलो आणि वहीत नोंद केली: 'किरकोळ, ठाणे, वीस रुपये.' सौ. पलीकडे शेंगा सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "पेन्शनचं काम बांद्र्याला असतं ना?"

मी गप्प.

"आणि या वर्षात तीन वेळा छत्री दुरुस्त केलीत. आपल्या घरात छत्री एकच आहे. ती माझ्याकडे असते."

मग मी सगळे सांगितले. फलाटावरचेही. ती रडली नाही, ओरडली नाही. शेंगांचे ताट बाजूला सारून म्हणाली, "तो कागद मीच ठेवला होता वहीत. गेल्या महिन्यात मी त्या नंबरवर बोलले होते. नवरा बोलत नाही, रात्रभर जागा असतो, काय करू, असं विचारलं. ते म्हणाले, ओरडू नका, मागे लागू नका. नंबर त्यांना दिसेल अशा जागी ठेवा. तुम्ही दुसरं काही उघडत नव्हतात. वही तेवढी उघडत होतात."

थोडे थांबून ती पुढे म्हणाली, "आणि मग त्यांनी मला विचारलं, तुम्ही कशा आहात? वर्षभरात हे कोणी विचारलंच नव्हतं हो. तेव्हा मात्र मी रडले."

आजारी मी एकटा आहे, या समजुतीत मी वर्ष काढले होते. माझ्या शेजारी तीही पहाटे तीनपासून जागी होती. फक्त कूस बदलत नव्हती. माझ्या वहीत तिच्या जागरणाचे खातेच नव्हते.

पुढे प्रत्येक वेळी ती बरोबर आली. रुग्णांच्या नातेवाइकांचा एक गट महिन्यातून एकदा जमतो, तिथेही जाऊ लागली. तिथे कुणी व्याख्यान देत नाही, फी नाही. आपापले सांगायचे आणि दुसऱ्याचे ऐकायचे. परत येताना तिचा चेहरा माहेराहून आल्यासारखा असतो.

बरे वाटू लागल्यावर माझी जिज्ञासा जागी झाली आणि मी वाचू लागलो. मॅडमनी मला लिहायला लावलेली रोजकीर्द हा पोरखेळ नव्हता. गोव्यात १९९६ साली सुरू झालेल्या 'संगाथ' संस्थेने डॉक्टर नसलेल्या, साध्या माणसांना शिकवून तयार केले आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्याच्या रुग्णांशी अशाच पद्धतीच्या सहा ते आठ भेटी करायला लावल्या. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २०१६ च्या अखेरीस त्याचा निकाल आला. तीन महिन्यांनी या रुग्णांपैकी शंभरांत चौसष्ट नैराश्यातून बाहेर आले होते. ज्यांना नेहमीचेच उपचार मिळाले, त्यांच्यात हे प्रमाण एकोणचाळीस होते. नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यात 'आत्मीयता' नावाच्या उपक्रमात गावातल्याच माणसांना शेजाऱ्याचे दुःख ऐकायला शिकवले गेले. आमच्या पाठीशी, ठाण्यातच, डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली आय. पी. एच. ही संस्था काढली. पुण्याचे 'मुक्तांगण' व्यसनमुक्ती केंद्र १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी सुरू केले, तेव्हा पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी त्याला पैशाचे पाठबळ दिले. ही दारे काही काल उघडलेली नाहीत. मी त्यांच्यावरून लोकलने रोज जात होतो.

कायदाही झाला आहे. संसदेने २०१७ साली केलेला मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून अमलात आला. सरकारी सेवेतून मानसिक उपचार मिळण्याचा प्रत्येकाला हक्क आहे, असे त्यात लिहिले आहे. जीव देण्याचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असे धरावे आणि त्याला शिक्षा करू नये, असेही त्यात आहे. विमा कंपन्यांनी शरीराच्या आजाराला जो न्याय तोच मनाच्या आजाराला लावावा, असेही कलम आहे. मात्र विमा साधारणतः रुग्णालयात भरती झाल्यावर कामी येतो, आठवड्याच्या फीला नव्हे.

इतके असून सगळे फुकट आहे असे मी म्हणणार नाही. त्या खाकी सदऱ्यातल्या रिक्षावाल्याचा अर्धा दिवस रांगेत जातो, म्हणजे अर्ध्या दिवसाची कमाई जाते. शहापूर-मुरबाडहून येणाऱ्याला पहाटे निघावे लागते. मी निवृत्त, माझ्याजवळ वेळ होता, जवळ स्टेशन होते आणि बरोबर यायला माणूस होते. ज्याच्याजवळ हे नाही, त्याला शून्य रुपयांचा उपचारही परवडत नाही. परवडणे म्हणजे नुसते खिशाला झेपणे नव्हे, हे मी हिशेबनीस असून साठीच्या घरात आल्यावर शिकलो. मला पंधराशे रुपये परवडत नव्हते हे खरे. पण त्याहून न परवडणारी गोष्ट होती ती तोंड उघडण्याची. स्वस्त मदत विचारल्यावाचून सापडत नाही, आणि विचारायचे तर आधी 'मला हवी आहे' असे म्हणावे लागते. मी जोवर हा खर्च किरकोळात लपवीत होतो, तोवर मला महाग आणि खोट्या वस्तूच मिळत गेल्या. चोरून घेणाऱ्याला दुकानदार कधी स्वस्त देतो काय?

गोळ्या या वेळी मी सांगितल्याप्रमाणे घेतल्या. तीन-साडेतीन आठवडे झाले असतील. एका सकाळी भाजीवालीपुढे उभा होतो. कोथिंबिरीची जुडी उचलली, वास घेतला आणि म्हणालो, "एवढीशी जुडी, आणि वीस रुपये? पंधराला दे." भाजीवाली माझ्याकडे बघतच राहिली. "काका, खूप दिवसांनी भांडलात," ती म्हणाली. मी पंधरालाच आणली. त्या दिवशी रोजकीर्दीत मी दहापैकी सात लिहिले.

अगदी निर्मळ झालो, असे नाही. अजून एखादा दिवस एक आणि दोनचा निघतो. पण तो निघून जातो, हे आता माहीत झाले आहे. गोळ्या डॉक्टरांनी हळूहळू कमी करत आणल्या आहेत.

२०२४ च्या नरकचतुर्दशीला पहाटे अभ्यंगस्नान करून आम्ही दोघे फडके रोडवर गेलो. दिवाळीच्या पहाटे डोंबिवलीची सगळी तरुण मंडळी नव्या कपड्यांत तिथे लोटते. आमच्या वयाची माणसे कडेला उभी राहून बघतात. गर्दीत मला आमचा कारकून दिसला, बायको-मुलांसह. सौ.शी ओळख करून देताना मी अडखळलो. याची ओळख काय म्हणून करून द्यायची? तो हसून म्हणाला, "आम्ही ठाण्याचे मित्र, वहिनी."

त्या वर्षी लक्ष्मीपूजनाला जुनी वही मिटण्यापूर्वी, त्याच्याही आधीच्या वहीतल्या तीन छत्र्या, चपलेचा अंगठा आणि खोटा आहेर मी तांबड्या शाईने दुरुस्त केला. मग नव्या वहीत खाती पाडायला बसलो. वाणी, दूध, वीज, औषधपाणी. त्याखाली एक ओळ सोडून विचार करीत राहिलो. सौ.ने विचारले, "काय अडलं?" मी म्हटले, "नाव सुचत नाही." ती म्हणाली, "सरळ 'मन' लिहा की."

लिहिले. मागच्या पाडव्यापासूनच्या चौदा खेपांची बेरीज मांडली: दोघांचे गाडीभाडे पाचशे साठ, चहा आणि वडापाव पाचशे साठ. एकूण अकराशे वीस रुपये, त्यात निम्मा चहा-फराळच. आकडा बघून ती म्हणाली, "वडापाव जरा जास्तच झाले."

मेळ बसला होता. किरकोळात त्या वर्षी एकच मोठी रक्कम निघाली: नवी छत्री, एक. ही मात्र खरी.